आईच्या पोटावरचे निळे डाग

तुम्ही ठाण्यात, आई देवगड तालुक्यातल्या घरी. ऐन पावसात खळ्यातल्या शेवाळावरून पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं, कोल्हापूरला ऑपरेशन झालं. घरी सोडताना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन 40 मिलिग्रॅमची 28 इंजेक्शनं लिहून दिली, रोज एक, पोटावर. त्यातली 11 झाली. आता पोट काळंनिळं दिसतंय, शेजारच्या काकी म्हणतात रक्त पातळ करून म्हातारीला घालवाल, आणि कालपासून आईने हात जोडलेत, सुई नको म्हणून. थांबवलं तर चालेल का, याला गोळी नाही का, बाकीच्या रुग्णांचं काय होतं, सुया फ्रिजमध्ये ठेवायच्या का, आणि चतुर्थीनंतर तिला ठाण्याला आणता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी सिंधुदुर्गात 27 वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो. या सुया किती जणांना दिल्या ते कधी मोजलं नाही. 2020 आणि 2021 या कोविडच्या दोन वर्षांत तर इतक्या दिल्या की वॉर्डातल्या मावशींनाही डोस पाठ झाले होते. तुमच्या आईला मी तपासलेलं नाही, त्यामुळे डोस कमी-जास्त करण्याचं काम तिच्या सर्जनचंच. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: केवळ डागांना घाबरून थांबवू नका. कालची राहिली ती राहिली. आज ठरल्या वेळी एकच द्या, कालची भरपाई म्हणून दोन नकोत.

आता डागांचं. ही सुई कातडीखालच्या चरबीत जाते. तिथे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यातली एखादी टोचली जातेच, आणि औषधच असं आहे की ती गळती लगेच मिटत नाही. म्हणून डाग उमटतो, रुपयाएवढा, कधी पाणीपुरीच्या पुरीएवढा. आधी जांभळा, मग हिरवट, मग पिवळट, आणि दहा-पंधरा दिवसांत नाहीसा. 11 सुयांनंतर तिन्ही रंगांचे डाग एकदमच पोटावर असतात, म्हणून ते पोट बघवत नाही. प्रत्यक्षात सांडलेलं रक्त काही थेंबांचं.

वेगळा डाग ओळखायला शिका. तळहाताहून मोठा, हाताला घट्ट लागणारा, कालच्यापेक्षा आज पसरलेला. किंवा जिथे सुई टोचलीच नाही तिथे उमटलेला, म्हणजे दंडावर, मांडीच्या आतल्या बाजूला. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं याच जातीचं. आणि एक खास गोष्ट, जी घरच्यांना कोणी सांगत नाही: अंगाने बारीक म्हातारी बाई, पावसाळी खोकला, आणि खोकता खोकता पोटात एका बाजूला कळ येऊन तिथे गोळा लागतो. पोटाच्या उभ्या स्नायूच्या आवरणात रक्त साठलं की असं होतं. मी हे तीनदा पाहिलं. त्यातल्या दोघींना आधी गॅस समजून ओवा-सोडा देऊन झाला होता.

तुम्ही लांब आहात, म्हणून एक युक्ती सांगतो. घरात जे कोणी असेल त्याला सांगा, सगळ्यात मोठ्या डागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढ आणि फोटो पाठव. उद्या पुन्हा फोटो. रंग रेघेच्या आत राहिला तर निवांत झोपा. रेघ ओलांडून पसरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

या सगळ्या भीतीच्या मुळाशी एक शब्द आहे, आणि तो आम्हा डॉक्टरांनीच रूढ केला. ‘रक्त पातळ करणारं इंजेक्शन.’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाणी घातलेलं ताक येतं. रक्त पातळ वगैरे काही होत नाही, ते होतं तेवढंच दाट राहतं. मी आज्यांना विरजणाचं सांगतो. दूध तेच, भांडं तेच, फक्त विरजण लागायला वेळ लागतो. आपल्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन मुळातच असतं, उगाचच्या गोठण्याला आवर घालणारं. हेपारिन त्याला चिकटलं की त्याचं काम शेकडो पटींनी जोरात चालतं. एनॉक्सापॅरिन म्हणजे त्याच हेपारिनचे लहान तुकडे. सुई घेतल्यावर तीन ते पाच तासांनी परिणाम सर्वांत जास्त असतो आणि मग ओसरत जातो, म्हणून रोजची सुई. झालेली गुठळी हे औषध विरघळवत नाही. नवी होऊ देत नाही आणि असलेली वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर स्वतःच सावकाश करतं.

आपल्या भागात या भीतीला आणखी एक मूळ आहे, जे बाहेरून आलेल्या डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे फुरसं, आपल्याकडचा छोटा विषारी साप. फुरसं चावलं की हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं हे जांभ्याच्या कातळावर फिरणाऱ्या प्रत्येक घरात माहीत आहे. आम्ही काचेच्या नळीत 2 मिलिलिटर रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतो आणि नळी तिरकी करून बघतो. रक्त ओघळलं की विष भिनलंय. असा प्रसंग ज्यांनी घरात पाहिला त्यांना ‘रक्त गोठू न देणारं औषध’ म्हटल्यावर धडकी भरणारच. एक आजोबा मला म्हणाले होते, “म्हणजे तुमी माका फुरशाचाच औषध देतास.” फुरशाच्या विषाने रक्त गोठायला लागणारी सामग्रीच संपून जाते. इथे सामग्री सगळी शाबूत असते, कामाचा वेग तेवढा कमी केलेला असतो. काकींना हा फरक सांगून बघा. पटेल असं नाही, पण फुरशाचं नाव काढलं की निदान ऐकून घेतील.

थांबवल्यावर काय होतं त्याचं एक उदाहरण. मालवणकडच्या सत्तरीच्या बाई, गुडघा बदललेला. नवव्या सुईनंतर त्यांनी कोणाला न सांगता बंद केलं. सुना रोज विचारत, सुई घेतली का, त्या हो म्हणत. पंधराव्या दिवशी एका पायाची पोटरी भरली. घरच्यांनी प्रेमाने खोबरेल कोमट करून दोन दिवस चोळली. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातून येताना दम लागला आणि घेरी आली. 108 आली, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातली गुठळी दिसली. वाचल्या. पण मग 40 ची एक सुई राहिली बाजूला, 60 ची दिवसातून दोनदा सुरू झाली आणि पुढे तीन महिने गोळ्या. रोजची एक चुकवायला गेल्या आणि दोन पदरात पडल्या, हे त्यांचं त्यांनीच नंतर हसत सांगितलं.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की सुई मध्येच थांबवणाऱ्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. आणि म्हणूनच ते गावभर सांगत फिरतात की आम्ही तर बंद केली, काय झालं? ज्याला झालं तो सांगायला वाडीत नसतो, तो अतिदक्षता विभागात असतो. खुब्याचं हाड मोडलं की गुठळीची तीन कारणं एकदम जमतात: नसेला बसलेला मार, अंथरुणावर पडून राहणं, आणि जखमेमुळे शरीराने स्वतःच वाढवलेली गोठण्याची तयारी. टाके निघाले की हा धोका संपतो असं नाही, तो पुढे काही आठवडे रेंगाळतो. 28 ते 35 दिवसांचा हिशेब त्यासाठीच.

आता डाग कमी कसे करायचे. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण रुग्णांचे निम्मे हाल औषधाने होत नाहीत, ते देण्याच्या पद्धतीने होतात.

सुई देताना आई पाठीवर किंचित रेलून निवांत असावी. जागा बेंबीच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला, बेंबीपासून किमान तीन बोटं दूर, एक दिवस डावी तर एक दिवस उजवी. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्या. ओल्या स्पिरिटातून सुई गेली की चरचरतं आणि दोष औषधावर जातो. कातडीची चिमूट चांगली जाड धरा, सुई सरळ, काटकोनात, पूर्ण आत. चिमूट मध्येच सोडू नका, औषध संपेपर्यंत धरा. औषध सावकाश ढकला, मनात दहा-पंधरा मोजत. घाईने ढकललं की दुखतंही जास्त आणि डागही मोठा पडतो. सुई काढल्यावर कापूस नुसता दाबून धरा. चोळायचं नाही. आपल्याकडे सुई टोचली की चोळायची हा लहानपणापासूनचा संस्कार आहे आणि निम्मे डाग तिथेच होतात.

भरलेल्या सिरिंजमध्ये एक हवेचा बुडबुडा दिसतो. तो बघून घरोघरी घबराट. पूर्ण डोस द्यायचा असेल तर तो काढायचा नसतो. काढायला गेलात की औषधाचा थेंब वाया जातो आणि सुईच्या टोकाला लागलेलं औषध कातडीला चरचरतं. बुडबुडा चरबीत जातो, नसेत जात नाही. त्याने काही होत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी मला एका नर्सबाईंनी शिकवली: परकराची नाडी. सहावारी नेसणाऱ्या आमच्या आज्या नाडी अशी आवळतात की कमरेवर वळ उठतो. नेमक्या त्याच रेषेवर सुई दिली की दिवसभर नाडी त्या जागेवर घासते आणि संध्याकाळी डाग दुप्पट. नाडीच्या रेषेपासून दूर टोचायचं, किंवा हे दिवस गाऊन घालायचा. आईला गाऊन आवडणार नाही, माहीत आहे. पोटावर जागाच उरली नसेल तर मांडीची बाहेरची बाजूही चालते, पण ऑपरेशन झालेल्या बाजूची नको.

देणारं कोण? उपकेंद्राच्या सिस्टर रोज येऊ शकल्या तर उत्तम, पण पावसात ओढा भरला की येणार कशा? घरातली एक व्यक्ती शिकवून तयार करा. माझ्या अनुभवात दहावी-बारावीची नातवंडं सर्वांत चांगली देतात. हात थरथरत नाही, मोबाईलवर गजर लावतात आणि आजीशी गप्पा मारत सुई कधी गेली ते कळू देत नाहीत. मुलगे सर्वांत वाईट, राग मानू नका.

फ्रिजची गरज नाही. बहुतेक खोक्यांवर 25 अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. पावसाळ्यात आपल्या कौलारू घरात मधल्या खोलीतलं कपाट त्याला पुरतं. उन्हाळ्यात जरा जपावं लागतं, पत्र्याखाली किंवा खिडकीत नको. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ झालं तेव्हा दापोली-श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती, आणि लोक मला फोन करून विचारत होते की फ्रिज बंद पडलाय, पोटावर द्यायच्या सुया फेकून देऊ का? तुमच्याकडे संपायला नको तो सुयांचा साठा, गारव्याचं एवढं नाही. गोठवायचं मात्र खरंच नाही. एका तांडेलाची गोष्ट आठवते. पायात गुठळी झालेली, महिनाभर सुया चालू, आणि हंगाम ऐन भरात. मी नको म्हणत असताना ट्रॉलरवर गेला. इंजेक्शन म्हणजे गार ठेवायचं, एवढं त्याला ठाऊक होतं, म्हणून डबा मासळीच्या बर्फात पुरला. मीठ पडलेला बर्फ, सुया कडक गोठल्या. त्याने त्या उन्हात वितळवून घेतल्या आणि परत आल्यावर अभिमानाने सांगितलं की एकही चुकवली नाही. मी कपाळावर हात मारला. पायाची सूज जराही उतरली नव्हती.  नव्या सुया आणि महिनाभर जमिनीवर मुक्काम, एवढ्यावर आमचा समझोता झाला.

आता ज्याला खरंच घाबरायला हवं ते. ते पोटावर दिसत नाही.

पहिलं मूत्रपिंड. हे औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर जातं. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. फार वर्षं झाली, 82 वर्षांचे एक आजोबा, वजन 38 किलो, पायात गुठळी. क्रिॲटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, 1.4. रिपोर्टवर ते ‘जरासं जास्त’ एवढंच दिसतं, आणि मीही तेवढंच पाहिलं. किलोला एक मिलिग्रॅम या हिशेबाने दिवसातून दोनदा सुई सुरू केली. सहाव्या दिवशी शौचाला काळं, डांबरासारखं. वय आणि वजन धरून मूत्रपिंडाची क्षमता काढली तर ती मिनिटाला 22 मिलिलिटरच्या आसपास येत होती. 30 च्या खाली गेली की तीच सुई दिवसातून एकदाच द्यायची असते. हा हिशेब दोन मिनिटांचा आहे आणि मी तो केला नव्हता. रक्त चढवून ते बरे झाले, घरचे मला काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून मी म्हाताऱ्या माणसाला काट्यावर उभं केल्याशिवाय ही सुई लिहीत नाही. तुमच्या आईच्या डिस्चार्ज कार्डावर वजन आणि क्रिॲटिनिन लिहिलंय का बघा. नसेल तर फोन करून विचारा. तुमच्या आईचा 40 चा डोस गुठळी होऊ नये म्हणूनचा आहे, पण क्षमता 30 च्या खाली असेल तर तोही कमी करावा लागतो.

दुसरं, अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक. मेडिकलवाल्याकडून ‘दुखण्याची स्ट्राँग द्या’ म्हणून आणलेल्या पुडीत हेच असतं. या सुईबरोबर ते घेतलं की पोटातून रक्तस्राव होण्याची भीती वाढते. दुखण्याला पॅरासिटामॉल, आणि तेवढ्याने भागत नसेल तर सर्जनला विचारून दुसरं काही. त्याहून वाईट म्हणजे कमरेच्या स्नायूत दिलेलं दुखण्याचं इंजेक्शन. वाडीत येणाऱ्या एका डॉक्टरांनी असंच कळवळून एका बाईंना दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कमरेखाली भाकरीएवढा कडक गोळा. घरी कोणीही सुई टोचायला आलं की आधी सांगायचं, पोटावरची सुई चालू आहे.

तिसरं, ताप. हे खास आपल्या पावसाळ्यासाठी. हेपारिनच्या सुयांनी क्वचित शरीर उलटतं आणि प्लेटलेट घसरतात, साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसात. विचित्र असं की प्लेटलेट कमी होऊनही त्यात गुठळ्याच होतात. म्हणून या काळात एकदा तरी साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, व्हायला हवी. तुमच्या आईची झाली का, ते विचारा. आता भर घाला आपल्याकडच्या आजारांची. लेप्टो, डेंग्यू आणि 2016 पासून दोडामार्ग-बांदा पट्ट्यात आलेला माकडताप, या सगळ्यांत प्लेटलेट उतरतात. त्यामुळे सुई चालू असताना ताप आला तर ‘पाऊस लागलो असात’ म्हणून काढा देत बसायचं नाही, त्याच दिवशी प्लेटलेट बघायच्या. कारण काहीही असो, निर्णय डॉक्टर आकडा बघून घेतील.

शहाळ्याचं मात्र कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. हेपारिन शरीरातलं पोटॅशियम थोडं वाढवतं. मूत्रपिंड चांगलं असेल तर कळतही नाही. पण मधुमेह, रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी, थकलेलं मूत्रपिंड, आणि वर ऑपरेशन झालंय म्हणून पाहुण्यांनी आणलेली रोजची दोन शहाळी, हे सगळं एकत्र आलं की पोटॅशियम चढू शकतं. आईला यातलं काही असेल तर शहाळं आवरा.

बाकी जेवणाचं काही पथ्य नाही. हा गोंधळ वॉरफरिन आणि ॲसिट्रॉमच्या गोळ्यांमुळे झालाय. त्या गोळ्यांना हिरव्या पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व आडवं येतं, म्हणून तिथे टाकळा, अळू, शेवग्याचा पाला यांचं प्रमाण एकसारखं ठेवावं लागतं. सुईचा त्याच्याशी काही संबंध नाही. आईला खाऊ द्या. तसंच पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी तपासणी. ती त्या गोळ्यांसाठी आहे, या सुईचा परिणाम तिच्यात दिसत नाही. नुसती सुई चालू असताना दर आठवड्याला आयएनआर करायला कणकवलीपर्यंत रिक्षा करून येणारी माणसं मी परत पाठवलीत.

गोळी नाही का, तर आहे. रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन या गोळ्या सांधा बदलण्याच्या ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर सर्रास देतात. साध्या ॲस्पिरिनबद्दलही 2023 मध्ये अमेरिका-कॅनडातला मोठा अभ्यास आला. हातापायाची हाडं मोडलेल्या 12,000 हून अधिक रुग्णांत ॲस्पिरिन एनॉक्सापॅरिनच्या तोडीला उतरलं, मृत्यू दोन्हीकडे सारखे, पायातल्या गुठळ्या ॲस्पिरिनमध्ये किंचित जास्त. पण त्या रुग्णांचं सरासरी वय 45 च्या आसपास होतं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या बाईला ते जसंच्या तसं लावायला मी धजत नाही. तुमच्या सर्जनचं मत वेगळं असू शकतं, आणि आई सुईला तयारच होणार नसेल तर काहीच न देण्यापेक्षा गोळी कधीही बरी. त्यांना मोकळेपणाने विचारा. लपवून सुई बंद ठेवण्यापेक्षा ‘ती घेत नाही, काय करू?’ हे वाक्य फार कामाचं आहे.

सर्वांत जास्त सुया घेणाऱ्या म्हाताऱ्या नसतात, त्या तरुण मुली असतात. वेंगुर्ल्याकडच्या एका शिक्षिकेची तीन बाळं पोटातच गेली. तपासण्यांत रक्तात गुठळ्या करणारा दोष निघाला, अँटिफॉस्फोलिपिड म्हणतात तो. चौथ्या वेळी ॲस्पिरिनची लहान गोळी आणि रोजची ही सुई. गरोदरपणात सुईच का, तर हेपारिन वारेतून बाळापर्यंत जात नाही. वॉरफरिन जातं आणि बाळाला इजा करू शकतं. तिचा नवरा गोव्यात नोकरीला, सासूला सुईची भीती, म्हणून ती स्वतःच टोचायला शिकली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज ‘डा’ आणि ‘उ’ लिहायची, डावं-उजवं. मी तिला विचारलं होतं, सगळ्यात कठीण काय गेलं? दुखणं नाही म्हणाली. पोट वाढत गेलं तशी चिमूट धरायला जागा कमी होत गेली, आणि बाळालाच टोचतेय असं वाटायचं. ते बाळाच्या जवळपासही जात नाही हे तिला माहीत होतं, तरी वाटायचं. बाळंतपणाच्या आधी सुई कधी थांबवायची हे काटेकोर ठरवावं लागतं, कारण पाठीत भूल द्यायची तर कमी डोसनंतर 12 तास आणि जास्त डोसनंतर 24 तास जावे लागतात. ते ठरवून झालं, मुलगी झाली. पुढचे सहा आठवडेही सुया होत्या. ‘डा’-‘उ’ची ती पानं तिने फाडू दिली नाहीत.

आणखी एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण हळू आवाजात खूप जण विचारतात: हे औषध बनतं कशापासून? हेपारिन 1916 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये एका विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात सापडलं, नावही यकृताच्या ग्रीक शब्दावरून. आज एनॉक्सापॅरिन बनतं ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून. राजापूर-रत्नागिरीकडून येणारी मुस्लिम कुटुंबं असोत की गळ्यात माळ घातलेले वारकरी, मी अनेक वर्षं हे कोणाला सांगितलं नाही. विचारलं नाही तर कशाला सांगा, असं. एका मुलाने खोक्यावरून शोधून काढलं आणि वडिलांसमोर मला विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? मला उत्तर देता आलं नाही. आता आधी सांगतो. फोंडापॅरिनक्स नावाचं औषध पूर्णपणे प्रयोगशाळेत बनतं, रोज एकदाच घ्यायचं, पण मूत्रपिंड थकलेलं असेल तर चालत नाही आणि सगळीकडे मिळतंच असं नाही. काही जण ते घेतात. काही जण मौलानांना विचारून येतात, जिवाच्या गरजेला मुभा आहे म्हणतात, आणि हीच सुई घेतात. तो निर्णय त्यांचा.

खर्चाचं थोडक्यात. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे कमाल किंमत ठरलेली असते, पण त्याखाली कंपनीकंपनीत फरक असतो. जनऔषधी केंद्रात विचारा. मात्र उरलेल्या सगळ्या सुया एकदम घेऊन ठेवा. चतुर्थीच्या दिवसांत वाडीतून बाजारात कोणी जाणार नाही आणि गेलं तरी दुकान उघडं असेलच असं नाही.

राहिला ठाण्याचा प्रवास. 28 सुया पूर्ण होऊ द्या, सर्जनला एकदा दाखवा, मग आणा. सात-आठ तास पाय लोंबकळत बसणं हेच मुळात गुठळीला आमंत्रण, त्यामुळे जीपपेक्षा रेल्वे बरी, खालचा बर्थ बघा, पाय वर ठेवता येतात आणि तासातासाने कोणाच्या आधाराने चार पावलं टाकता येतात. पाणी पाजा. बाथरूमला जावं लागेल म्हणून आया पाणी पीत नाहीत, ते चालू देऊ नका. काही कारणाने मुदतीच्या आत आणावंच लागलं तर सुया हातातल्या पिशवीत ठेवा, ओल्या नारळाच्या आणि माशांच्या थर्मोकोलच्या खोक्यात नकोत. बर्फ असतो त्यात. आणि वापरलेल्या सुया ज्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकताय तो झाकण लावून प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या, परसात माडाच्या आळ्यात पुरू नका. गेल्या वर्षी आळं भांगलताना एका गड्याच्या तळव्यात तशीच एक घुसली होती.